एका ओळीची दुरुस्ती

ऑर्विक कंपनीचं पत्र आलं तेव्हा सुचेताबाई बाहेरच्या खोलीत कॅरम खेळत होत्या आणि जिंकत होत्या. आतल्या खोलीत वाचत बसलेल्या विद्याधर टोकेकरांना ते नुसत्या आवाजावरून कळत होतं. आधी स्ट्रायकरचा कोरडा टोला, मग सोंगटी जाळीत पडल्याचा आवाज, आणि त्यामागून शेजारच्या चौगुलेबाईंचा सुस्कारा.

"सुचेता, हा हात कुठनं भाड्यानं आणलायस काय गं?"

"भाड्याचाच आहे. पुण्याहून येतो," सुचेताबाई म्हणाल्या आणि त्यांनी राणी घेतली.

थट्टेत बोलल्या असल्या तरी ते खरं होतं. सुचेताबाई मिरजेच्या एका शाळेत भूगोल शिकवत. काही वर्षांपूर्वी फळ्यावर नकाशा काढताना त्यांची कोकणपट्टी वाकडी यायला लागली. पहिल्यांदा मुलं हसली. मग कंप इतका वाढला की मुलं हसेनाशी झाली, आणि बाईंनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. चहाचा कप बशीसकट उचलणं बंद झालं. आमटी वाढणं बंद झालं. पाहुण्यांसमोर जाणंही बंद होत आलं होतं.

तेवढ्यात ती शस्त्रक्रिया निघाली. मेंदूत खोलवर केसासारखी एक तार सोडायची आणि गळ्याच्या हाडाखाली काडेपेटीएवढा एक संच बसवायचा. असे संच पूर्वीही होते, पण ते दिवसभर एकसुरी ठेका देत राहायचे. नवा शोध असा होता, की कंपाला स्वतःची लय असते आणि ती हाताच्या आधी मेंदूत सुरू होते. ती सुरू होता होताच तिला नेमका उलटा ठेका दिला, तर कंप हातापर्यंत पोचतच नाही. मात्र ही लय प्रत्येकाची वेगळी, आणि झोप, ताप, राग, चहा अशा कशानेही बदलणारी. तिचा पुढचा अंदाज बांधण्याचं गणित काडेपेटीला झेपण्यासारखं नव्हतं. म्हणून संच ती लय ऐकून पुण्याच्या केंद्राला कळवत राही, आणि तिथलं मेनफ्रेम, म्हणजे एक भलामोठा संगणक, पुढच्या काही क्षणांचा ठेका हिशेब करून परत पाठवी. राज्यातल्या हजारो माणसांचे हात त्या एका यंत्राने स्थिर धरले होते.

संपर्क तुटला तर संच आपोआप जुन्या एकसुरी ठेक्यावर जाई. हात हलायचा, पण जिवाला धोका नव्हता. धोका चुकीच्या ठेक्याचा होता. चुकीचा ठेका कंप वाढवतो, कधीकधी माणसाला पाऊल उचलता येणार नाही असा जागच्या जागी खिळवून टाकतो.

म्हणूनच तिथे मेनफ्रेम होतं. ते प्रत्येक गणित दोनदा करतं आणि दोन्ही उत्तरं ताडून पाहतं. जुळली नाहीत तर गणित करणारा भाग स्वतःहून बाजूला होतो आणि दुसरा त्याच पायरीवरून काम उचलतो. बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही. साध्या संगणकांची रांग लावून पाहिली होती. त्यातला एखादा अडखळला की पुन्हा सुरू होईपर्यंत कुणाच्या तरी हातातला कप पडायचा.

पण यंत्र कितीही पक्कं असलं तरी त्याचा कारभार पाहणारी ऑपरेटिंग सिस्टीम लागते, आणि ती ऑर्विकची होती. पत्रात तीनच वाक्यं होती. कंपनी विकली गेली आहे. नव्या मालकांना या व्यवसायात रस नाही. मार्चनंतर सिस्टीम चालवण्याचा परवाना संपेल, तरी ग्राहकांनी अन्य व्यवस्था पाहावी. केंद्राने ते सगळ्या रुग्णांना जसंच्या तसं पाठवलं होतं, कारण अन्य व्यवस्था केंद्राकडेही नव्हती.

बाहेर चौगुलेबाई पुन्हा सोंगट्या लावत होत्या. विद्याधरांनी पत्र दोनदा वाचलं. त्यांचा उभा जन्म एका बँकेच्या तळघरात मेनफ्रेमच्या सोबतीने गेला होता. तिथे त्यांना कुणी फारसं ओळखत नसे, आणि त्यांना ते बरं वाटे. फोन वाजला तरी त्यांच्या तळहाताला घाम सुटायचा. निवृत्तीनंतर पुस्तकं आणि सुचेता एवढंच त्यांचं जग उरलं होतं.

त्या आठवड्यात त्यांनी एक धाडस केलं. 'कदंब' नावाची एक मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम होती. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून वाढवलेली, कुणाच्याच मालकीची नसलेली. ती निरनिराळ्या संगणकांवर चाले, पण मेनफ्रेमवर तिला कुणी नेलं नव्हतं. विद्याधरांनी कदंबच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे त्या सगळ्या हौशींना एकदम पोचेल असं, लांबलचक पत्र लिहिलं. यंत्र कसं आहे, काय काय करावं लागेल, कुठे अडेल. शेवटी लिहिलं, 'माझं ज्ञान जुनं आहे. हे मूर्खपणाचं वाटल्यास कृपया दुर्लक्ष करावं.'

पहिलं उत्तर कोल्हापूरहून आलं. रेहाना सतारमेकर तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची आणि कदंबचा गाभा सांभाळणाऱ्यांपैकी एक होती.

'सर, दुर्लक्ष करणार नाही. योजना कुठाय?'

योजना नव्हती. ती लिहायचं काम अर्थातच विद्याधरांच्या गळ्यात पडलं.

पहिल्या ऑनलाइन बैठकीला विद्याधरांनी कॅमेरा बंद ठेवला. त्यांनी समजावून सांगितलं, की कदंबला नवी भाषा शिकवावी लागेल, म्हणजे या यंत्राच्या आज्ञा. शिवाय नव्या चालीरीतीही. साध्या संगणकात प्रोसेसर स्वतः डिस्कच्या मागे लागतो. मेनफ्रेममध्ये मध्ये 'चॅनल' असतात. त्यांच्या हाती कामाची पूर्ण चिठ्ठी द्यायची आणि आपण दुसऱ्या कामाला लागायचं. काम झालं की ते कळवतात.

"म्हणजे चांगल्या मंगल कार्यालयातला आचारी," रेहाना म्हणाली. "एकदा यादी दिली की सारखं जाऊन पातेल्यात डोकवायचं नाही."

"हो, तसंच," विद्याधर म्हणाले, आणि आपण हसलो हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

"आणि चाचणीला यंत्र कुठून आणायचं? घरी तर कुणाच्या नसणार."

"नकली करायचं. साध्या संगणकाला मेनफ्रेमचं सोंग घ्यायला लावायचं. संथ चालेल, पण चालेल."

"बिघडलं तर बंद करून चालू करू."

इथे मात्र विद्याधरांचा आवाज चढला. "नकली यंत्र खुशाल बंद कर. खऱ्यावर ते चालणार नाही. आमच्याकडे रिवाज होता, कुठलाही बदल करायच्या आधी परत फिरायचा रस्ता लिहून काढायचा. तो लिहिता आला नाही, तर बदल करायचा नाही."

विद्याधरांना वाटलं, संपलं, आपण म्हाताऱ्यासारखं बोललो. पण रेहाना म्हणाली, "हे योजनेत सगळ्यात वर लिहा, सर. आमचाही एक रिवाज आहे, तो त्याखाली लिहा. योजना सगळ्यांना उघडी. कुणीही दुरुस्ती सुचवावी. दुसऱ्या कुणी ती तपासली, की सांभाळणाऱ्याने ती घ्यावी. नाकारायची असेल तर सगळ्यांसमोर, स्वतःच्या नावाने कारण लिहावं."

"सांभाळणारा कोण?"

"तुम्हीच की."

काम सुरू झालं. टाम्पेरे नावाच्या फिनलंडमधल्या गावाचा यारी हा गृहस्थ दिवसा बेकरी चालवायचा आणि उरलेल्या वेळात कदंबला मेनफ्रेमची भाषा शिकवायचा. चिलीतली एक बाई चॅनलच्या मागे लागली. कुणी कागदपत्रं लिहीत होतं, कुणी नुसत्या चुका शोधत होतं. त्यातल्या बहुतेकांनी मिरजेचं नाव कधी ऐकलं नव्हतं. आपल्या बायकोच्या हातात पुण्याचा ठेका आहे, हे विद्याधरांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ते सांगणं त्यांना भीक मागण्यासारखं वाटे.

मग ती चूक झाली. मेनफ्रेमवाले एखाद्या आकड्यातले बिट, म्हणजे त्यातल्या शून्य-एकच्या जागा, डावीकडून मोजतात, बाकीचं जग उजवीकडून मोजतं. हा फरक इतरांच्या लक्षात राहावा म्हणून विद्याधरांनी स्वतः एक तक्ता केला होता, आणि त्याच तक्त्यात एका ठिकाणी सवयीने डावीकडून मोजलं होतं. 'संपर्क तुटला, एकसुरी ठेक्यावर जा' असं सांगणारा तो बिट होता. नकली रुग्णावरच्या चाचणीत संच जुन्या ठेक्यावर जायचा तो गेलाच नाही, शिळाच ठेका गिरवत बसला. यारीने ते पकडलं आणि एका ओळीत कळवलं, 'डावी-उजवीकडची गल्लत. दुरुस्त केलं. पाव जळतायत, पळतो.'

कुणी दोष दिला नाही. विद्याधरांचा मात्र स्वतःवरचा विश्वास उडाला. हाच बिट खऱ्या यंत्रावर, खऱ्या माणसाच्या डोक्यात चुकला असता तर?

त्याच सुमारास योजनेतला शेवटचा भाग लिहायचा होता. पुण्याच्या यंत्राचे आतून स्वतंत्र भाग पाडता येत, आणि मधल्या भिंती इतक्या पक्क्या असत की एका भागातला गोंधळ दुसऱ्यात जात नसे. एका भागात जुनी सिस्टीम चालू ठेवायची, दुसऱ्यात कदंब, आणि एकेका गावचे रुग्ण हळूहळू इकडून तिकडे न्यायचे. आधी गावातल्या एकाच रुग्णाला न्यायचं, ते नीट पार पडलं की बाकीच्यांना. केंद्र तयार होतं, डॉक्टरांच्या समितीनेही परवानगी दिली होती. प्रश्न एवढाच होता, की पहिलं गाव कुठलं.

विद्याधरांनी जालना पहिलं घातलं आणि मिरज शेवटी. कारणाच्या जागी लिहिलं, 'मिरजेची जोडणी जुनी आहे.'

दोन दिवसांनी दुरुस्ती आली.

'मिरज शेवटून काढून पहिल्या जागी घ्यावं. कारण: मिरजेची जोडणी मागच्या दिवाळीत नवी झाली आहे. शिवाय काही बिघडलं, तर योजना लिहिणारा माणूस रुग्णाच्या शेजारीच बसलेला असेल. ही सोय दुसऱ्या कुठल्याही गावाला नाही. पहिली रुग्ण मी. सुचेता टोकेकर, मिरज.'

खाली रेहानाचं नाव होतं. 'तपासली. बरोबर आहे.' आणि त्याखाली फक्त विद्याधरांसाठी एक ओळ. 'सर, आम्हाला माहीत नव्हतं. पण नाकारणार असाल, तर कारण लिहावं लागेल.'

विद्याधर स्वयंपाकघरात गेले. सुचेताबाई काकडी कोचवत होत्या. सुरी भराभर चालत होती आणि काकडीचे बारीक कण ताटलीत पडत होते.

"तू मला विचारलं नाहीस."

"तुम्ही विचारलंत? मिरज शेवटी टाकताना?" सुरी थांबली नाही. "जोडणी जुनी म्हणे! अहो टोकेकर, ती टाकायला रस्ता खणला होता, तेव्हा आपल्या फाटकासमोरच्या खड्ड्यात कोण पडलं होतं?"

"मी."

"मग?"

विद्याधर स्टुलावर बसले. "मला भीती वाटते, सुचेता. तो बिट मी चुकवला होता. मी. ज्याने तक्ता केला त्याने."

"आणि त्या पाववाल्याने पकडला. वाचलंय मी सगळं. योजना सगळ्यांना उघडी आहे ना?" आता त्यांनी सुरी खाली ठेवली. "जालन्याचा जो कोणी पहिला असेल, त्याला घरचं माणूस नसेल? ते भीत नसेल?"

विद्याधर ताटलीबाहेर उडालेले काकडीचे कण बोटाने गोळा करू लागले.

"तुम्हाला वाटतं, माझा हात तुम्ही एकट्याने धरलाय. म्हणून एवढे घाबरता. किती लोकांनी धरलाय ते बघा की जरा. ओळख ना पाळख, कुठल्या कुठे बसून करतायत. आणि आपण काय, शेवटी उभं राहायचं?"

नकार द्यायला विद्याधरांपाशी कारण होतं. ते खरंही होतं, आणि सगळ्यांसमोर लिहायची त्यांना लाजही वाटली नसती. 'ती माझी बायको आहे.' पण जालन्याच्या माणसाला ते वाचून दाखवता आलं नसतं. ते उठले, आत गेले आणि दुरुस्तीखाली एक शब्द लिहिला. 'मान्य.'

स्वयंपाकघरातून हाक आली, "झालं असेल तर दही आणा फ्रिजमधलं."

बदलाचा दिवस रविवार ठरला. मिरजेच्या दवाखान्यातल्या एका खोलीत सुचेताबाई पलंगावर टेकून बसल्या होत्या. मेंदूचे डॉक्टर कस्तुरे एका बाजूला, दुसऱ्या बाजूला कोल्हापूरहून आलेली रेहाना. विद्याधर तिला पहिल्यांदाच समोर पाहत होते. त्यांच्या मांडीवर लॅपटॉप होता आणि त्यावर एकच बटण महत्त्वाचं होतं, परत फिरायचं.

"काकू, सुरू करू?" रेहानाने विचारलं.

"कर बाई. उपाशी ठेवलंय मला सकाळपासून."

पुण्याच्या यंत्रात सुचेताबाईंचं काम एका भागातून दुसऱ्या भागात गेलं. कदंबला त्यांची लय नव्याने ऐकून घ्यायची होती. ती नीट ओळखीची होईपर्यंत ठेका पाठवायचा नाही, तोवर संचाने आपला एकसुरी ठेका चालवायचा, असं योजनेतच लिहिलं होतं. विद्याधरांनीच ते लिहिलं होतं. पण लिहिणं वेगळं आणि बघणं वेगळं.

आधी अंगठा हलला. मग सगळा हात. पांघरुणावर तो हात मासळीसारखा तडफडायला लागला. किती वर्षांत विद्याधरांनी तो असा पाहिला नव्हता. त्यांचं बोट बटणावर गेलं.

"ऐकतंय अजून," पडद्यावर नजर ठेवून रेहाना म्हणाली. "सर, ऐकू द्या त्याला."

"फार हलतोय."

"टोकेकर," डॉक्टर कस्तुरे हळू आवाजात म्हणाले, "एवढं हलणं अपेक्षित आहे. तुम्हीच लिहिलंयत."

"मी चुकूही शकतो!"

"अहो," सुचेताबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा घामाने भिजला होता, आवाज मात्र नेहमीचाच होता. "हात काढा त्या बटणावरून. माझ्यापेक्षा तुमचाच जास्त हलतोय."

रेहानाला हसू आवरलं नाही. विद्याधरांनी खाली पाहिलं. खरंच हलत होता. त्यांनी तो उचलला, कुठे ठेवावा ते न कळून बायकोच्या थरथरत्या हातावर ठेवला, आणि दोन्ही हात मिळून काही काळ हलत राहिले.

मग एक हात थांबला. विद्याधरांना आधी कळलंच नाही, तो कुणाचा. सुचेताबाईंनी आपला हात त्यांच्या हाताखालून काढून घेतला, समोर धरला, बोटं पसरली, मिटली. पडद्यावर कदंब ठेका पाठवू लागला होता. पहिला बरोबर, दुसरा बरोबर, तिसरा.

"मोसंबं आहे का कुणाकडे?" त्या म्हणाल्या. परिचारिकेने आणून दिलं. त्यांनी ते सोललं, एकेक फोड सुटी केली आणि खोलीतल्या प्रत्येकाच्या हातावर ठेवली. डॉक्टर कस्तुरेंनी सवयीने आपली फोड आधी नीट निरखली आणि मग खाल्ली.

दुपारी घरी आल्यावर विद्याधर लिस्टवर आभाराचं पत्र लिहायला बसले. लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं. यारी, चिलीतली बाई, नुसत्या चुका शोधणारे. त्यांतल्या कुणीच हा हात पाहणार नव्हतं. कुणाला त्यातून काही मिळणार नव्हतं, आणि कुणी काही मागितलंही नव्हतं. अशा लोकांना काय लिहायचं असतं? आजवर वाचलेल्या इतक्या पुस्तकांत त्यांना त्याचा नमुना सापडेना. शेवटी त्यांनी जे झालं ते तसंच लिहिलं. हात थांबला. तिने मोसंबं सोललं. आम्ही सगळ्यांनी खाल्लं. खाली सही केली, आणि यावेळी 'दुर्लक्ष करावं' असं लिहिलं नाही.

उत्तरं येऊ लागली. यारीने काही न लिहिता भट्टीतून काढलेल्या पावाचा फोटो पाठवला होता. जालन्याहून 'आमची तयारी आहे' असं आलं. त्यातच नांदेडहून कुणा व्यंकट गुट्टे नावाच्या रुग्णाचं पत्र होतं. नांदेडचा पहिला रुग्ण म्हणून त्यांनी आधी होकार दिला होता, आता नाव काढून टाका म्हणत होते. पुढे काही लिहिलं नव्हतं, फक्त फोन नंबर होता.

"उत्तर लिहितो त्यांना," विद्याधर म्हणाले.

"लिहू नका. फोन लावा." सुचेताबाईंनी फोन त्यांच्यापुढे सरकवला. "बघता काय? सकाळी एवढं केलंत ना?"

तळहाताला घाम सुटला होता. तरी त्यांनी नंबर दाबला.

पलीकडचा माणूस नाव ऐकून म्हणाला, "सर, खरं सांगा. त्या टायमाला हात लई हलतो का हो?"

"हलतो," विद्याधर म्हणाले. "जुन्यासारखाच हलतो. बघवत नाही. मग थांबतो."

"तुमच्या मिसेसपाशी तुम्ही होता ना?"

"होतो."

"माझं तसं नाही. मंडळी वारल्या. लेक दुबईला. असं एकट्यानं हलत बसायचं, तेच कसं तरी वाटायलंय बघा. बाकी काही नाही."

योजनेत या अडचणीसाठी काहीच लिहिलेलं नव्हतं. मिरजेहून नांदेड म्हणजे अख्ख्या रात्रीचा प्रवास, आणि विद्याधर निवृत्त झाल्यापासून सांगलीच्या पलीकडे गेले नव्हते. त्यांनी वर पाहिलं. सुचेताबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"गुट्टेसाहेब," ते म्हणाले, "तुमचा दिवस ठरला की मला कळवा. मी येतो."

"मी काय, मी?" सुचेताबाई दारातून म्हणाल्या.

विद्याधरांनी फोनमध्ये पुन्हा सांगितलं, "आम्ही दोघं येतो."